जोडीनं पहिला युरोप, तोही गटासोबत : काय पाहून झालं, काय राहून गेलं?

लग्नाला तीस वर्षं झाली त्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा युरोपात गेलो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. गटात अडतीस माणसं, बहुतेक आमच्याच वयाची जोडपी. आता ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं, "गटासोबत जावं की आपलं आपण?" यावर एकतर 'मेंढरांसारखं हाकतात' असं ऐकायला मिळतं, नाहीतर 'सगळं आयतं, काही बघावं लागत नाही' असं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. गट नसता तर आम्ही गेलोच नसतो. व्हिसाचे कागद, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा विमा, हॉटेलांची बुकिंगं, हे सगळं बघून आम्ही दहा वर्षं मागेच सरत होतो. पण परत आल्यावर जे आठवत राहिलं, ते बहुतेक सगळं आम्ही दोघांनी वेळापत्रकातून काढून घेतलेल्या तासाभरातलं आहे.

प्रागचंच सांगते. पहिल्या दिवशी दुपारी चार्ल्स पुलावरून नेलं. राजा चौथ्या चार्ल्सच्या काळात १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. मला दिसली ती पुढच्या माणसाची पाठ आणि टूर लीडरची पिवळी छत्री. दुसऱ्या दिवशी हे पहाटे साडेपाचलाच उठून बसले. "चल, नाश्ता आठला आहे." ट्रामनं गेलो. पुलावर चार-पाच माणसं असतील, खाली नदीवर धुकं. संत जॉन नेपोमुकचा पुतळा १६८३चा, पुलावरचा सगळ्यात जुना. याच पुलावरून त्यांना नदीत फेकलं होतं. पुतळ्याखालच्या पाटीवर ते दृश्य कोरलंय, आणि लोकांचा हात जिथं लागतो तेवढाच भाग सोन्यासारखा पिवळा झालाय, बाकी पाटी काळी. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावरचं पितळ असंच झिजून उजळतं. मी हात लावला, गार होतं.

बुडापेस्टला रात्री डॅन्यूबवर बोटीतून फिरवलं. ९६ मीटर उंचीची पार्लमेंटची इमारत दिव्यांत फार देखणी दिसते, त्यात वादच नाही. सकाळी मोकळा वेळ होता म्हणून आम्ही त्याच काठानं चालत निघालो. थोड्या अंतरावर दगडी कडेला लोखंडी बूट मांडलेले दिसले. साठ जोड. १९४४-४५च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना या काठावर उभं करून गोळ्या घातल्या, आधी बूट काढायला लावून. हे स्मारक २००५चं. बायकांच्या टाचेच्या चपला, मोडलेल्या टाचांचे बूट, आणि मध्येच एक लहान मुलाचा जोड. त्यात कोणीतरी खडे ठेवले होते आणि एक सुकलेलं फूल. रात्री आमची बोट इथूनच गेली होती, तेव्हा स्पीकरवर नाचाची गाणी चालली होती. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

तुम्हीही सांगा. ठिकाणांची यादी नको, ती माहितीपत्रकात असतेच. एखादीच जागा, एखादाच प्रसंग. आणि पहिल्यांदा निघणाऱ्यांना उपयोगी पडेल असं काही असेल तर तेही.

कोल्हापूरहून

आमची इटलीची सहल. फ्लॉरेन्सला एक दिवस. दुपारी अडीच तास मोकळे, चामड्याच्या पर्सा घ्यायला. आमचं मात्र घरून निघतानाच ठरलं होतं. लीडरना आदल्या रात्री सांगून ठेवलं, त्यांनीच टॅक्सी करून दिली.

आमचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडचा प्रवास करून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. परक्या मुलखात, पण दहन आपल्या रीतीनं झालं, अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर. १८७४ साली तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाची मोठी बाग आहे, तिच्या पार टोकाला ही जागा. टॅक्सीवाल्याला 'इंदियानो' एवढा एकच शब्द पुरला. जवळच्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय.

झाडीतून छत्री दिसली आणि माझे पाय थांबले. घुमट, कमानी, खाली पगडी आणि दागिने घातलेला अर्धपुतळा. पंचगंगेच्या घाटावर शोभेल अशी वास्तू इटलीतल्या झाडांत उभी. सौं.नी पर्समधून अंबाबाईचं कुंकू काढलं. पुतळ्याजवळ जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरच हात जोडून उभ्या राहिल्या. कुत्रा फिरवणाऱ्या एक आजीबाई थांबल्या, खुणेनं विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आमचे राजे." भाषा कळली नसेल, पण त्यांनी मान हलवली.

वेळेत बसपाशी पोचलो. महाराष्ट्रातून इतके गट फ्लॉरेन्सला जातात, अर्धा तास इथं थांबायला काय हरकत आहे? बुकिंग करताना चार जोडप्यांनी मागितलं तर आयोजक नक्की विचार करतील. मागा.

साताऱ्याहून

मी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. मुलानं आणि सुनेनं आम्हा दोघांना पाठवलं. बाकीचे खिडकीतून आल्प्स बघत होते, मी पहिल्या सीटवरून ड्रायव्हरकडे.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण त्यावरून आमच्या गटात भांडण झालं. हॉटेल वीस किलोमीटरवर आलं असताना ड्रायव्हरनं गाडी पंपाला लावली आणि इंजिन बंद केलं. लोक चिडले, लीडरच्या अंगावर गेले. मी उतरून त्याच्याशी खुणांनी बोललो. त्यानं डॅशबोर्डातलं यंत्र दाखवलं, त्यात त्याचं कार्ड. गाडी किती चालली, किती थांबली, सगळं त्यात नोंदलं जातं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला साधारण नऊ तासांवर स्टीअरिंग धरायचं नाही, रात्री सलग विश्रांती हवी. पोलीस कधीही थांबवून ते कार्ड तपासू शकतात. म्हणून तर रात्रीची रोषणाई दाखवायला कधी दुसरी गाडी करतात, कधी ती वेगळ्या पैशांची असते. आयोजकाचा लोभ असतोच असं नाही.

मी गाडीत परत येऊन माईकवर हे सगळं मराठीत सांगितलं. मी सलग किती तास गाडी हाकलीय ते मला माहीत आहे, रात्री डोळ्यांवर पाणी मारून. मुक्काम पाऊण तासानं पुढे गेला तर काही बिघडत नाही. त्या माणसाला झोप मिळाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी मंडळींनी सगळ्यांच्या वतीनं त्याला चकलीचा डबा दिला.

डोंबिवलीहून

गुडघे दुखणाऱ्यांसाठी रोमचा सल्ला. रस्ते चौकोनी काळ्या दगडांचे, उंचसखल. नवे बूट नेऊ नका, दोन महिने वापरलेले न्या. पाण्याची बाटली विकत घेत बसू नका, रस्त्याकडेला नाकासारखी तोटी असलेले लोखंडी खांब असतात, 'नासोने' म्हणतात, त्यांचं पाणी अखंड वाहतं आणि पिण्याचंच असतं.

गट पुढे स्पॅनिश पायऱ्यांवर गेला, मी नाही गेले. आम्ही दोघं पँथिऑन या प्राचीन रोमन देवळातच बाकावर बसून राहिलो. सुमारे १,९०० वर्षांचा काँक्रीटचा घुमट, लोखंडी सळईशिवाय उभा, मधोमध आभाळाला उघडं भोक. पाऊस आला. आत, त्या भव्य दगडी खोलीच्या मध्यावर, गोल खांब असावा तसा पाऊस पडत होता आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून पाणी निघून जात होतं. पायऱ्या न पाहिल्याची मला जराही हळहळ नाही.

नागपूरहून

माझा अनुभव कडू आहे. कंपनीचं नाव घेत नाही. कार्यक्रमपत्रिकेत पॅरिसपुढे 'आयफेल टॉवर, लूव्र, नोत्र दाम' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात लूव्र हे चित्रांचं संग्रहालय आणि नोत्र दाम हे चर्च बसच्या खिडकीतून, टॉवरखाली वीस मिनिटं फोटोसाठी. बायको चित्रकलेची शिक्षिका. लूव्र मागे पडलं तेव्हा तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी विसरणार नाही. तेव्हा बुकिंगआधी प्रत्येक ठिकाणापुढे लेखी विचारा : आत जायचं तिकीट आहे का, खाली उतरणार का, किती वेळ? 'फोटो स्टॉप' म्हणजे आत जाणं नाही. 'पॅनोरमिक टूर' म्हणजे बहुतांशी बसमधूनच.

त्याच वीस मिनिटांत माझी कमरेची पिशवी गेली, पासपोर्टसकट. पुढचे दोन दिवस पोलीस चौकी आणि दूतावास. पोलिसांच्या तक्रारीची प्रत घेतली, आणि पासपोर्टच्या झेरॉक्स व फोटो बायकोच्या बॅगेत वेगळे ठेवले होते, म्हणून परतीचा तातडीचा दाखला मिळाला. दोघांचे कागद एका पिशवीत ठेवू नका, एवढं कळकळीनं सांगतो. गटातलं एक अकोल्याचं जोडपं आपली बोटीची सफर सोडून बायकोसोबत थांबलं. त्यांचं ऋण आहे.

बडोद्याहून, छोटंसंच

खाऊ नेताना लक्षात ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. पेढे, पनीर घरीच ठेवा. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी चालते. रात्री भारतीय जेवण असतंच, पण एका दुपारी तरी तिथलं खा. व्हिएन्नात आम्ही दोघांनी एक अ‍ॅपफेलश्ट्रूडेल वाटून खाल्लं, सफरचंद आणि दालचिनी घातलेलं. अंडं, चरबी चालत नसेल तर आधी विचारून घ्या.

अलिबागहून

व्हिएन्नात आम्ही चुकलो. सेंट स्टीफन चर्चच्या चौकातून गट निघाला आणि हे अजून मान वर करून छप्पर बघत होते. रंगीत चकचकीत कौलांची नागमोडी नक्षी आहे त्यावर, पैठणीच्या पदरासारखी. एप्रिल १९४५मध्ये ते जुनं छप्पर जळून कोसळलं होतं, नंतर लोकांनी पुन्हा उभं केलं. खाली वळलो तर लीडरची पिवळी टोपी कुठेच नाही. फोनला नेट नाही. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

लीडर पहिल्या दिवशी एकच वाक्य म्हणाले होते : "चुकलात तर शोधत फिरू नका, जिथं आहात तिथंच थांबा." आम्ही मोठ्या दारासमोर थांबलो. चाळीस मिनिटं. हे म्हणाले, "आता थांबायचंच आहे तर नीट बघूया." त्यांनी खिशातला चष्मा काढला. त्यांचे वडील कौलांच्या कारखान्यात होते, म्हणून हे मला सांगत होते, पाणी कुठून उतरत असेल, फुटलेलं कौल बदलायला माणूस कुठून चढत असेल. एवढं सलग ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. लीडर धापा टाकत आले तेव्हा हे म्हणाले, "पाच मिनिटं थांबता का? ती डावीकडची बाजू राहिलीय."