नवऱ्याच्या घराण्यातला मेफ्लॉवरवाला पूर्वज, खरा की ऐकीव?

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी, जरा वेगळाच प्रश्न आहे. नवरा अमेरिकन आहे, सासूबाई मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या. त्यांच्याकडे टाइप केलेली एक वंशावळ आहे, त्यांच्या आजीने कधीतरी कुणाकडून तरी करून घेतलेली, त्यात सगळ्यात वर जॉन हाउलंड, 1620 ला मेफ्लॉवर जहाजातून आलेला, म्हणजे इंग्लंडहून येऊन मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथ ही वसाहत वसवणाऱ्यांपैकी. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी माझ्या लेकीसमोर त्याची गोष्ट होतेच होते, की तो वादळात समुद्रात पडला, दोर धरून वाचला आणि पुढे पहिल्या गव्हर्नरच्या नातीशी लग्न केलं. आता सासूबाईंना मेफ्लॉवरच्या वंशजांच्या सोसायटीची मेंबरशिप हवीये आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यांच्या आजीचं माहेरचं आडनाव हाउलंडच होतं एवढं पक्कं आहे. डीएनए टेस्ट केली तर एका फटक्यात कळेल का? कुणी हे केलंय का?

जुनी_दप्तरं:
गोष्ट अर्धी खरी आहे, आणि खोटा अर्धा भाग तुमच्या जास्त कामाचा आहे, कसं ते सांगतो.

समुद्रात पडला हे खरं. विल्यम ब्रॅडफर्ड, जो नंतर प्लिमथचा गव्हर्नर झाला आणि त्याच जहाजात होता, त्याने स्वतः लिहून ठेवलंय. वादळात हाउलंड डेकवर आला आणि जहाज कलंडलं तसा थेट पाण्यात, पण वरच्या शिडाचे दोर बाहेर लोंबत होते ते हाताला लागले, पाण्याखाली बराच खोल गेला तरी पठ्ठ्याने सोडले नाहीत, मग लोकांनी ओढून आणि आकड्याने वर घेतला. तेव्हा तो जॉन कार्व्हरचा नोकर होता हो, साहेब वगैरे काही नाही.

आता लग्न. हा कार्व्हरच पहिला गव्हर्नर. तो 1621 च्या वसंतात गेला, पाठोपाठ काही आठवड्यांत बायको गेली, आणि मागे मूलबाळ नाही. मग नात कुठून आली? हाउलंडची बायको एलिझाबेथ टिली, तीही त्याच जहाजातून आलेली, तेव्हा जेमतेम 13 वर्षांची. 102 प्रवाशांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यातच मेले, त्यात तिचे आईवडील दोघंही, आणि काका-काकूसुद्धा. हे सगळं ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितात आहे, पण ते अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत गायब झालं आणि 1855 ला थेट लंडनच्या बिशपच्या लायब्ररीत सापडलं, 1856 ला छापलं गेलं. तोपर्यंत हाउलंडचे वंशज पिढ्यानपिढ्या कार्व्हरचं नाव सांगत होते. म्हणजे तुमच्या कागदावर कार्व्हरची नात असेल तर करणाऱ्याने जुन्यातलं बघून उतरवलंय, स्वतः काही तपासलेलं नाही. बाकीच्या पिढ्याही त्याच नजरेने बघा.

घाटावरचा:
गव्हर्नरची नात काय नि नोकर काय, 400 वर्षांनी काय फरक पडतो? आमच्याकडेही प्रत्येक कुलवृत्तांतात मूळपुरुष शूरच असतो, कर्जबाजारी होऊन गाव सोडलेला एकाचाही नाही :)

सातासमुद्रापार:
डीएनएचं विसरा. सासूबाईंपासून तिथपर्यंत बाराएक पिढ्या धरा, त्या पायरीवर प्रत्येकाला हजारो पूर्वज असतात आणि त्यातल्या बहुतेकांचा तुमच्यात कणही उरलेला नसतो. एखादा दूरचा भाऊबंद मॅच झाला तरी नातं हाउलंडवरून की दुसऱ्या कुणावरून ते सांगता येत नाही कारण जुन्या प्लिमथमध्ये सगळ्यांनी एकमेकांतच सोयरिकी केल्यात. वाय क्रोमोझोमची टेस्ट बापाकडून मुलाकडे अशीच चालते, तुमची लाइन आजीवरून येतेय, त्यामुळे तीही गेली. कागदच लागतील.

आणि आडनाव हाउलंड आहे म्हणून लगेच खूश होऊ नका!! जॉनचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, नंतर त्याच वसाहतीत आले, दोघंही क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेले, त्यांचाही वंश मोठा आहे. ते मेफ्लॉवरवर नव्हते. त्यांच्यातले असाल तर हाउलंड खरे, मेफ्लॉवर नाही. आधी हेच बघा.

चिंचगूळ:
बापरे, भावांचं माहीतच नव्हतं. कागद काढून बघितला. जॉनच्या खाली जेबेझ आहे, त्याच्या खाली चार नावं तारखांसकट, मग एकदम "ओहायोला गेले" आणि त्यानंतर सासूबाईंचे पणजोबा. मधे कोरं. शिवाय जॉनच्या मृत्यूचं साल 1672 आणि 1673 दोन्ही लिहिलंय, काय समजायचं?

जुनी_दप्तरं:
दोन्ही बरोबर. 1752 पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, तो वारला 23 फेब्रुवारीला, म्हणून जुन्या हिशोबाने 1672, आपल्या हिशोबाने 1673.

जेबेझ हा जॉनचाच मुलगा, त्याचं घर प्लिमथमध्ये अजून उभं आहे, बघायला जाता येतं. म्हातारपणी एलिझाबेथ मात्र लिडिया या लेकीकडे राहिली आणि 1687 ला गेली. तिचं मृत्युपत्र मिळालं तर जरूर वाचा, लिडियाला पिसांची चांगली गादी, उशा, ब्लँकेट, दोन पितळी किटल्यांतली लहान, आणि छोटं बायबल. मला वादळापेक्षा ती यादी जास्त आवडते.

पहिल्या पाच पिढ्यांची चिंता नको, सोसायटीने त्या तपासून पुस्तकांत छापल्यात. तुमचं दुखणं ओहायोचं आहे. 1850 च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे, त्यामुळे कोण कुणाचा मुलगा ते कळत नाही. मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, चर्चची रजिस्टरं हेच बघावं लागेल, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर बरंच फुकट आहे. आणि सुरुवात खालून करा, आधी सासूबाईंचा जन्मदाखला, मग त्यांच्या आईचा, मग आजीचा आणि तिच्या लग्नाचा, प्रत्येक पिढी वरच्या पिढीला कागदाने जोडली गेली पाहिजे. वरून खाली आलात की सोयीचा हाउलंड सापडतोच.

निसर्गवेडी:
एक राहिलंच. तुमच्या लेकीला गोष्ट सांगताना हेही सांगा की जिथे प्लिमथ वसलं ते वाम्पानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांचं पाटुक्सेट गाव होतं, 1616 ते 1619 च्या साथीत ओस पडलेलं. मोकळी शेतं आयती मिळाली ती त्यामुळे. वाम्पानोआग लोक आजही मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी 1970 पासून प्लिमथला शोकदिवस पाळतात.

चिंचगूळ:
हे सांगते तिला नक्की. सासूबाईंना कार्व्हरचं सांगितलं, त्या म्हणाल्या माझ्या आजीला तुझ्या त्या फोरमवाल्यांपेक्षा जास्त माहीत होतं :( ओहायोत कोणत्या काउंटीत गेले ते कागदावर नाहीये, पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मगाव असतं का?

सातासमुद्रापार:
बहुतेकदा असतं, आणि नशीब असेल तर आईवडिलांची नावंही. पण ती माहिती मागे राहिलेल्या कुणीतरी सांगितलेली असते, सांगणाऱ्याचं नाव दाखल्यावर खाली लिहिलेलं असतं ते आधी बघा. जावयाने सांगितलं असेल तर अर्धाच विश्वास ठेवा.