मदत हवी आहे: परिषदेच्या पाहुण्यांना अर्ध्या दिवसात पुणं दाखवायचंय

चिंतामणी_ग: विभागाची परिषद आहे. शनिवारी दुपारनंतर पाहुण्यांना शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय, पाताळेश्वर, तुळशीबाग, सारसबाग एवढं बसेल ना? पत्रिका उद्या छापायला जाते, लवकर सांगा.

पेठकर: किती जण? उतरलेत कुठे?

सह्यवेडा: सिंहगड! पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. माझ्याकडे येणाऱ्यांना तेच लक्षात राहतं.

मृण्मयी: शनिवारी दुपारी? घाटातच अडकतील.

सह्यवेडा: पहाटे निघालं तर रस्ता मोकळा असतो.

मृण्मयी: अहो, त्यांनी दुपारनंतर लिहिलंय.

अन्नपूर्णा: उकडीचे मोदक ठेवणार असाल तर केटररला आधी सांगा. आयत्या वेळी मिळत नाहीत.

चिंतामणी_ग: जेवण ठरलंय. 40 जण, बाणेरच्या हॉटेलात, निम्मे परदेशी. काही ज्येष्ठांना फार चालवत नाही.

पेठकर: हे आधी सांगायचं! यादीतलं बरंचसं काढा. मोठी बस पेठांत न्यायच्या भानगडीत पडू नका. सिव्हिल कोर्टापाशी उतरा, मेट्रोने पुढचंच स्टेशन कसबा पेठ. तिथून कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा चालत. आतले महाल 1828 च्या आगीत गेले, तट आणि दरवाजे उरले, हे दिल्ली दरवाज्याबाहेरच सांगा, नाहीतर आत गेल्यावर हिरमोड होतो. पुढे दगडूशेठसमोर भिडेवाड्याची जागा. जुनी इमारत आता नाही, पण 1848 साली सावित्रीबाई-जोतीरावांची मुलींची शाळा तिथे भरली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवट मंडईत, तिथूनच परतीची मेट्रो.

मृण्मयी: मी सगळ्यांना आगाखान पॅलेसलाच नेईन. गांधीजी 1942 ते 44 तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले. दोघांच्या समाधीपाशी परदेशी माणूसही थांबतो.

पेठकर: जागा मोठीच आहे, पण तिथे पुणेकर कसा राहतो ते दिसत नाही. पेठेत चालल्याशिवाय पुणं कळत नाही.

बाणेरवासी: हिंजवडी मेट्रो सुरू झाली का बघा. झाली असेल तर बसच लागणार नाही.

चिंतामणी_ग: पेठांचा मार्ग पक्का करतोय, ज्येष्ठांना गाडीने आगाखान पॅलेसला. इंग्रजीतून नीट इतिहास सांगणारं कोणी माहितीत आहे का? आज रात्रीपर्यंत ठरवायचंय.

मृण्मयी: आहेत एक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.