अनुभव धागा: यूकेची युनिव्हर्सिटी कशी ठरवलीत?

गोदाकाठची:
काल भाचीसोबत कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेले होते. समोरच्याने मार्कशीट धड बघितलीही नाही, पाच नावं खरडून कागद पुढे सरकवला. एकदम आमची सप्टेंबर 2011 ची बॅच आठवली. कोर्स संपायच्या आत, एप्रिल 2012 ला पोस्ट स्टडी वर्क व्हिसा (शिकून झाल्यावर तिथे राहून नोकरी करू देणारा) बंद! मी शेफिल्ड घेतलं ते मॉड्यूल्सची यादी वाचून, म्हणून निदान शिक्षण तरी मनासारखं झालं. तुम्ही कसं ठरवलंत? येऊ द्या.

सातपूरकर:
कन्सल्टन्सीला कमिशन युनिव्हर्सिटी देते, त्यामुळे पाच नावं कुठली ते समजून घ्या 😄
मला वॉरिक मिळालं. बाबा मॅप उघडून बसले नि ओरडले, "अरे, हे वॉरिकमध्ये नाहीच, कॉव्हेंट्रीच्या वेशीवर आहे!" मग आठवडाभर येईल त्या पाहुण्याला तेच.

बागायतदारीण:
आमच्या पुतण्याने रँकिंग बघितलंच नाही. ससेक्सच्या प्लम्प्टन कॉलेजात वाइनचा कोर्स, त्यांचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत. सासरे म्हणाले, त्या थंडीत कसली द्राक्षं? पुतण्याने तिथे आपली एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांगितली, तर सर वही काढून बसले. त्यांच्याकडे हिवाळ्यात एकदाच. यंदा आमच्या द्राक्षांवर भुरी रोग आलाय, ते वेगळंच रडगाणं.

गोदाकाठची:
@बागायतदारीण अगं बाई, भुरी? फवारणी झाली का?

निफाडचा_पोरगा:
व्हिसासाठी दाखवायचे पैसे 28 दिवस खात्यात ठेवायचे असतात, एक दिवससुद्धा खाली जाऊन चालत नाही. आमच्या अण्णांनी मधेच कांद्याच्या बियाण्याला काढले. पुन्हा पहिल्यापासून मोजणी 🙏
आणि लंडनचा हट्ट धरणाऱ्यांनो, खर्चापोटी महिना 1,529 पौंड दाखवायचे, बाहेर 1,171. नऊ महिन्यांचे. फी वेगळी. मी मुकाट्याने लीड्स.

मीनल_ताई:
एमएस्सीला जातेय, नवऱ्याला नेता येईल का?

सातपूरकर:
नाही ताई, जानेवारी 2024 पासून साध्या मास्टर्सवाल्यांना बंद. पीएचडी किंवा रिसर्च मास्टर्स असेल तर चालतं. कोर्सनंतर तिथे राहून नोकरी करायची दोन वर्षंही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळणार, पीएचडीला तीन. भाचीलाही सांगा, यंदा सप्टेंबरला गेली की तिचा अर्ज त्यातच येणार.

मीनल_ताई:
अरे देवा. त्याला आज जेवण झाल्यावर सांगते.

निफाडचा_पोरगा:
@मीनल_ताई आधी गुलाबजाम करा 😂

गोदाकाठची:
कुकर नेऊ द्यावा का भाचीला?

सातपूरकर:
इंडक्शनवर चालणारा द्या. आणि मिरचीची फोडणी दार लावून, एक्झॉस्ट चालू करून. आमच्या हॉस्टेलचा अलार्म वाजला नि अख्खी बिल्डिंग रात्री पायजम्यात खाली.

बागायतदारीण:
झाली गं फवारणी. काळा मसाला दुहेरी पिशवीत बांधून चेक-इनमध्ये दे, हँडबॅगेत नको.