मदत हवी आहे: निरीक्षणगृहातून (कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांना चौकशीदरम्यान ठेवतात ती जागा) सुटलेल्या मुलांचे व्यसनोपचार कसे टिकवावेत?

समुपदेशक, परिविक्षा अधिकारी, मनोविकारतज्ज्ञ, अनुभवातून सांगा.

प्रवेशाच्या वेळची तपासणी पहिली. 12 ते 21 वयोगटासाठीची, नशेचा धोका ओळखणारी 'क्राफ्ट' (CRAFFT) प्रश्नावली सोपी आहे, पण उत्तरं बाल न्याय मंडळाच्या (मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या) फाइलमध्ये जातील या भीतीनं मुलं खरं सांगत नाहीत. परिविक्षा अधिकाऱ्यानं मुलाच्या पार्श्वभूमीबद्दल मंडळाला पंधरा दिवसांत द्यायच्या सामाजिक तपास अहवालापासून ही माहिती वेगळी कशी ठेवता?

कोणती नशा, हे कळणं जिवाचा प्रश्न आहे. व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगणाऱ्याला बहुधा चिडचिड आणि निद्रानाश होतो. त्याला लक्ष आणि आधार लागतो. नायट्राझेपामच्या (झोपेच्या) गोळ्या रोज घेणाऱ्याच्या गोळ्या एकदम तुटल्या तर झटके येऊ शकतात. रात्री डॉक्टर नसताना तुमच्याकडे काय व्यवस्था आहे?

दाखल करायचं म्हटलं तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017, कलम 87 नुसार अल्पवयीन मुलासोबत नामनिर्देशित प्रतिनिधीनं (सहसा पालक) किंवा त्यानं नेमलेल्या सोबत्यानं पूर्णवेळ राहावं लागतं. पालक सापडतच नसतील, किंवा हातावर पोट असेल, तर कोण राहतं? बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 93 खाली व्यसनी मुलाला उपचारासाठी हलवण्याचा मंडळाचा आदेश कुणी घेतला आहे का? अर्जासोबत काय जोडलंत?

सर्वांत नाजूक टप्पा जामिनाचा. मूल अचानक घरी जातं, औषधाची चिठ्ठी फाइलमध्येच राहते. अफूवर्गीय नशा (हेरॉइनसारखी) करणाऱ्याची नशा पचवण्याची सहनशक्ती निरीक्षणगृहात असताना उतरलेली असते, त्यामुळे बाहेर जुनी मात्रा जीवघेणी ठरू शकते. पहिल्या आठवड्याची ओपीडीची वेळ आधीच ठरवून घेणारं कुणी आहे का? तुमचा नमुना फॉर्म (नावं काढून) मिळाला तर फार उपयोग होईल.