घोट्याच्या शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले, जखमेतून पाणी येते. चवथीपर्यंत थांबावे का?

प्रश्न (देवगड तालुका)

माझी आई ६१ वर्षांची असून तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या शेवाळलेल्या जांभ्यावरून ती घसरली आणि उजव्या घोट्याची आतली व बाहेरची अशी दोन्ही हाडे मोडली. पायावर पाण्याचे फोड आले होते, म्हणून डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत थांबून नवव्या दिवशी कोल्हापूरला शस्त्रक्रिया केली. बाहेरून प्लेट आणि आतून दोन स्क्रू बसवले आहेत. आता सात आठवडे झाले. संध्याकाळी पाऊल सुजते, पावलाचा वरचा भाग बधिर आहे आणि गेल्या चार दिवसांपासून बाहेरच्या जखमेच्या खालच्या टोकातून पिवळसर पाणी येते. ताप नाही, दुखतही नाही, म्हणून आई म्हणते की चवथ झाल्यावर जाऊ. गणपती अकरा दिवसांवर आहेत. यातले नेहमीचे काय आणि काळजीचे काय?

प्रतिसाद (अस्थिरोगतज्ज्ञ, रत्नागिरी)

ताई, थांबू नका. उद्याच्या उद्या निघा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूस कातडीखाली मांसाचा थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथली जखम उघडली तर जंतूंना प्लेटपर्यंत पोहोचायला फारसे अंतर उरत नाही. मधुमेहात जंतुसंसर्ग असूनही ताप आणि वेदना नसणे शक्य आहे, म्हणून त्या नसण्यावर विसंबू नये. जखमेवर हळद किंवा तेल लावू नका, आणि उरलेल्या जुन्या प्रतिजैविकाच्या गोळ्याही देऊ नका, कारण त्यामुळे नमुन्यात जंतू न सापडण्याची शक्यता असते. डॉक्टर बहुधा स्रावाची तपासणी, रक्त, साखर आणि एक्स-रे पाहतील. संसर्ग निघालाच तरी लगेच प्लेट काढतात असे नाही. ती हाडांना धरून ठेवत असेल, तर जखम साफ करून, औषधे देऊन हाड जुळेपर्यंत पुष्कळदा ती ठेवतात.

संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते आणि पाय उशीवर उंच ठेवल्यावर उतरते. पावलाच्या वरच्या भागाला संवेदना देणारी नस शस्त्रक्रियेच्या जागेजवळून जाते. ती दुखावल्यास आलेला बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, क्वचित थोडा कायम राहतो. मात्र तळपायही बधिर असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. अशा मधुमेही रुग्णांना पायावर भार देण्याची परवानगी उशिरा देतात, कारण वेदना जाणवत नसल्याने स्क्रू सैल झाले किंवा हाड सरकले तरी कळत नाही.

प्रतिसाद (गुहागर)

माझ्या भावाच्या बाबतीत संकट जखमेचे नव्हते, पोटरीचे होते. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात त्याची पोटरी ताठरली आणि दुखू लागली. आम्ही ते प्लास्टरचे दुखणे समजून दोन दिवस घालवले, आणि पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती फुप्फुसात गेली असती तर काय झाले असते, हा विचार आजही सोडत नाही. आईंची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा जाड किंवा गरम वाटली, अथवा धाप लागली किंवा छातीत दुखले, तर कोल्हापूरची वाट धरू नका, जवळचे रुग्णालय गाठा. घाटाचा प्रवास लांबचा आहे. मागच्या आसनावर पाय आडवा ठेवा, आणि डिस्चार्ज कार्ड व आधीचे सगळे एक्स-रे बरोबर घ्या.

प्रश्नकर्ती

आपल्या दोघांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन गेले. संसर्ग वरवरचा असावा, असे डॉक्टरांचे मत आहे. जखम साफ करून नमुना पाठवला असून अहवाल तीन दिवसांत मिळेल. साखर बरीच वाढलेली निघाली आणि तळपायाची संवेदनाही कमी आढळली, म्हणून आणखी सहा आठवडे पाय टेकायचा नाही असे बजावले आहे. या वर्षी मोदक मी आणि वहिनी वळू; आई खाटेवर बसून सांगेल.