शब्दचर्चा: ‘रिव्हायव्हल’ आणि ‘रीबूट’, दोन्हींना पुनरुज्जीवन?

मुळाक्षर:
एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेख मराठीत आणतेय. विषय ‘डॉक्टर हू’: काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासीयाची, १९६३ साली बीबीसीवर सुरू झालेली, १९८९ला बंद पडलेली आणि २००५मध्ये परत आलेली मालिका. लेखक तिची तुलना ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी अंतराळमालिकेशी करतो, ती मूळ १९७८ची, २००३मध्ये नव्याने केलेली. पहिलीला तो ‘रिव्हायव्हल’ म्हणतो, दुसरीला ‘रीबूट’, आणि सबंध लेख या फरकावर उभा आहे. संपादकांनी दोन्हीकडे ‘पुनरुज्जीवन’ करून ठेवलं. त्यामुळे एक वाक्य आता असं झालंय: “हे पुनरुज्जीवन नसून पुनरुज्जीवन आहे.” हसू नका, दोन वेगळे शब्द सुचवा. कंसात इंग्रजी चालणार नाही असं बजावलंय.

अनुस्वार:
रीबूटला ‘पुनरारंभ’. संगणकालाही चालतो. एवढा सोपा शब्द असताना बूट-चपला कशाला?

रिकामटेकडी:
पुनरारंभ म्हणजे जिथे थांबलं तिथून पुढे. सुट्टीनंतर वर्ग भरतात तसा. गॅलॅक्टिकावाल्यांनी तर आधीची पाटीच पुसली. उलट डॉक्टर हूलाच पुनरारंभ जास्त शोभेल.

तळटीप:
गंमत म्हणजे संगणक रीबूट केला तरी डिस्कवरच्या फाइली जागच्या जागी असतात, फक्त चालू मेमरी पुसली जाते. पडद्यासाठी शब्द उचलताना इंग्रजांनीच अर्थ वाकवला. त्यांचा वाकडा अर्थ आपण शुद्ध संस्कृतात सरळ करत बसायचं का? ‘रीबूट’ छापा. वाचक म्हणतोच तो.

अनुस्वार:
वाचक ‘मेयर’ही म्हणत होता. ‘महापौर’ रुळलाच ना?

तिसरी घंटा:
अहो, आपल्या रंगभूमीकडे हे शब्द कधीपासून आहेत. जुनं नाटक परत आलं की जाहिरातीत ‘नव्या संचात’. संहिता तीच, नट नवे. संहितेलाच हात लावला तर ‘नवी रंगावृत्ती’. कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मुळाक्षरताई, डॉक्टर हू नव्या संचात आणि गॅलॅक्टिकाची नवी रंगावृत्ती. लिहून टाका.

मुळाक्षर:
संच आवडला. पण डॉक्टर हूची संहिता ‘तीच’ कुठे आहे? २००५मध्ये गोष्टी नव्या लिहिल्या, फक्त जुन्या घडून गेल्यात असं धरून.

कार्डिफकर:
२००५पासून मालिका आमच्या गावात बनते, म्हणून बोलतो. मालिका परत आणणारे लेखक रसेल टी डेव्हिस यांनी पहिला भाग रोझ या लंडनच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांतून लिहिला. तिला डॉक्टर कोण ते ठाऊक नाही, नव्या प्रेक्षकालाही नाही. दोघांना एकदमच कळत जातं. जुन्या २६ हंगामांचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवलं नाही, पण फेकूनही दिलं नाही. २००६मध्ये सारा जेन परत आली: डॉक्टरची १९७३ ते ७६मधली सोबतीण, एलिझाबेथ स्लेडन ही तीच अभिनेत्री, आणि डॉक्टर आपल्याला सोडून गेला याचा राग मनात धरून. ही झाली एक तऱ्हा.

आता गॅलॅक्टिका बघा. मूळ मालिकेत अपोलो हा वैमानिक झालेले रिचर्ड हॅच नव्या मालिकेतही आहेत, पण टॉम झारेक नावाच्या भलत्याच माणसाच्या भूमिकेत. अपोलो दुसराच कुणी. स्टारबक हा दुसरा वैमानिक पुरुष होता तो बाई झाला. सायलॉन, म्हणजे शत्रूपक्षाचे यंत्रमानव, आधी परग्रहावरच्या सरपटणाऱ्या जमातीने बनवलेले होते, आता ते माणसानेच बनवले. जुना नट जुन्या नावाने परत येऊ शकतो का, एवढं विचारलं की फरक कळतो. त्याला शब्द कोणता, ते तुम्ही जाणकारांनी सांगा.

तिसरी घंटा:
नाटकात तर तरुणपणी मुलगा झालेला नट पुढे त्याच नाटकात बाप होतो. संहिता मात्र तीच. म्हणजे तुमची कसोटी आमच्याकडे नापास.

वैद्यबुवा:
नाटकात काय शिरताय? ‘कायाकल्प’ म्हणा. चरकसंहितेत कुटीप्रावेशिक रसायन आहे: माणूस खास बांधलेल्या कुटीत शिरतो आणि बाहेर येतो तो तरुण होऊन. तुमचा डॉक्टर निळ्या खोक्यासारख्या आपल्या यानात शिरून दुसऱ्या चेहऱ्याने उठतो, तेच नाही का हे?

रिकामटेकडी:
वैद्यबुवा, प्रश्न मालिकेचा आहे, डॉक्टरचा नाही.

तळटीप:
पण या मालिकेत ते दोन वेगळे कुठे आहेत? १९६६मध्ये विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, म्हणून डॉक्टरचं शरीरच बदलतं असं कथेत दाखवलं आणि त्या भूमिकेत पॅट्रिक ट्राउटन आले. या बदलाला ‘रीजनरेशन’ हा शब्द तेव्हा नव्हताच, तो आला १९७४मध्ये. ट्राउटनचा डॉक्टर आपल्या पहिल्या कथेत स्वतःबद्दल ‘रिन्यूड’ म्हणतो. त्या कथेचे सहाही भाग बीबीसीच्या संग्रहातून गेले. हे वाक्य आज ऐकता येतं ते प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर आवाज टेप केला होता म्हणून.

आता ‘रिन्यूड’चं मराठी करा. नूतनीकरण! “माझं नूतनीकरण झालं आहे.” आरटीओच्या खिडकीतून बाहेर आल्यासारखा वाटतो.

अनुस्वार:
नूतनीकरणात काय वाईट आहे? सरकारी कागदावर सापडला म्हणून शब्द बाटत नाही. नूतन हा शब्द ज्ञानेश्वरीत शोभतो.

वैद्यबुवा:
कायाकल्प.

मुळाक्षर:
मंडळी, मला मालिकेसाठी दोन शब्द हवेत हो.

शेवंतीचा वाफा:
उशिरा आले. ‘रीबूट’ परका आहे असं कोण म्हणतं? ऋग्वेदातले ऋभू आठवा. तिघे भाऊ, त्यांनी म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं. ऋभू, ऋभूत, रीबूट. आमचे संस्कृतचे सर हे असंच जोडून दाखवायचे.

तळटीप:
शेवंतीताई, ‘बूट’ इंग्रजी ‘बूटस्ट्रॅप’वरून आलाय, जोड्याला ओढायचा असतो त्या पट्ट्यावरून. ऋभूंचा काही संबंध नाही.

शेवंतीचा वाफा:
संबंध नसेना, कथा तर बसते! याच ऋभूंनी त्वष्टा या देवांच्या कारागिराने घडवलेल्या एका चमसाचे, म्हणजे यज्ञातल्या पेल्याचे, चार केले. एका मालिकेच्या चार मालिका करणं म्हणजे दुसरं काय?

कार्डिफकर:
हे मात्र बसलं. ‘डॉक्टर हू’तूनच नव्या मालिका फुटल्या: २००६मध्ये ‘टॉर्चवुड’, २००७मध्ये ‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’. शब्दवेड्यांसाठी: इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘टॉर्चवुड’ म्हणजे ‘डॉक्टर हू’चीच अक्षरं उलटसुलट केलेली. २००५च्या टेपा बाहेर फुटू नयेत म्हणून त्यांवर हे नाव टाकत.

रिकामटेकडी:
मग तिसरा प्रकारही घ्या. २००६मध्ये मूळ ‘स्टार ट्रेक’ची यानांची दृश्यं संगणकावर नव्याने करून बसवली, नट, संवाद, कथा जशाच्या तशा. त्याला मी ‘कल्हई’ म्हणेन. भांडं तेच, लकाकी नवी. २०२३मध्ये ‘डॉक्टर हू’मधली दालेकांची, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या शत्रूंची, पहिली कथा रंगीत केली, तीही कल्हईच.

मुळाक्षर:
ती नाही. मूळ कथा सात भागांची, रंगीत आवृत्ती ७५ मिनिटांची. निम्म्याहून जास्त कापली. कल्हईवाल्याने भांडं अर्धं करून परत दिलं तर त्याला पैसे द्याल?

अनुस्वार:
‘संक्षिप्त रंगीत आवृत्ती’. हा शब्द तरी कुणी नाकारू नका.

तिसरी घंटा:
नाकारत नाही. पण कार्डिफकर वर ‘हंगाम’ म्हणाले ते खटकलं. हंगाम ऊसगाळपाचा. टीव्हीवर ‘पर्व’.

कार्डिफकर:
पर्व तर पर्व. पण मग २०२४चं काय करू? तेव्हा नवा डॉक्टर होता न्कुटी गाटवा, परदेशात दाखवायला होतं डिस्नी प्लस, आणि नव्या प्रेक्षकाला बिचकायला नको म्हणून आकडे पुन्हा एकपासून. १९६३चं पहिलं पर्व, २००५चं पहिलं पर्व, २०२४चं पहिलं पर्व. कथा मात्र एकच, तुटलेली नाही.

अनुस्वार:
म्हणूनच पर्व नको. महाभारतात आदिपर्व एकदाच येतं. ‘सत्र’ घ्या, ते दर वर्षी पहिलं असू शकतं.

रिकामटेकडी:
सत्र म्हटलं की मला सहामाही परीक्षा दिसते.

वैद्यबुवा:
सत्र म्हणजे मुळात दीर्घ यज्ञ. नैमिषारण्यात शौनकाचं बारा वर्षांचं सत्र चालू होतं, तिथे सौतीने महाभारत सांगितलं. पर्वं सत्रात सांगितली गेली. म्हणजे सत्र मोठं, पर्व लहान. १९६३ ते ८९ एक सत्र, २००५पासून दुसरं, त्यांच्या पोटात पर्वं.

तिसरी घंटा:
आणि १९९६चा तो एकुलता एक टीव्हीपट, ज्यात पॉल मॅगॅन डॉक्टर झाले? तो कुठल्या सत्रात?

तळटीप:
त्याआधी हे सोडवा. १९६३च्या पहिल्या पर्वात ४२ भाग, साधारण पंचवीस मिनिटांचे. २००५च्या पहिल्यात १३, पाऊण तासाचे. २०२४च्या पहिल्यात ८. तिन्हींना एकच शब्द कुठल्या मापाने लावताय?

वैद्यबुवा:
यज्ञाच्या.