गॅस गिझर काढून हीट पंप लावावा का?

गॅस गिझर जुना झालाय, बदलायचाच आहे. सगळे म्हणतायत हीट पंप घे. पण शेवटी वीजच खाणार ना तो, मग साध्या इलेक्ट्रिक गिझरपेक्षा वेगळं काय? घरात चार माणसं, सकाळी आंघोळीला नुसती झुंबड.

पानापक्कड: फरक आहे आणि मोठा आहे. साधा गिझर १ युनिट विजेची साधारण १ युनिटच उष्णता देतो, हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात सोडतो, फ्रिज उलटा चालवल्यासारखं, त्यामुळे १ युनिटमागे ३ च्या आसपास मिळते. थंडी कडक असेल तर कमी.

अर्धीबादली: आम्ही बदललाय. पाणी सावकाश तापतं, गॅससारखं नळ सोडला की गरम असं विसरा. टाकी मोठीच घ्या. आणि बंद खोलीत ठेवू नका, आजूबाजूची हवा गार करतो, शिवाय घुंईघुंई आवाज! पाणीही ठिबकतं, त्याला पाइप काढावा लागतो.

पानापक्कड: हो, टाकी ६० डिग्रीच्या आसपास ठेवा, कोमट पाण्यात जंतू वाढतात. बाकी बाथरूममधल्या गॅसच्या कार्बन मोनॉक्साइडची भीती गेली हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.